पान ओलं पाठवू नका : डीएनए तपासणीसाठी नमुना देणाऱ्यांसाठी

“वंशवृक्षात आमचं रोप बुरशीच्या शेजारी कसं आलं?” पावसाळा लागला की बडोद्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत नमुना देणाऱ्यांचा हा प्रश्न ठरलेला. मशीन ठीक असतं. पानच प्लॅस्टिकच्या पिशवीतून ओलं आलेलं असतं.

कडुनिंब, बकाणनिंब आणि कढीनिंब घ्या. नावावरून तिघे सख्खे वाटतात. तिघांचा आरबीसीएल जनुक (हरितलवकातला, डीएनएच्या सुमारे ५५० अक्षरांचा तुकडा) एकाखाली एक मांडला की कुठलं अक्षर कुठे बदललं ते दिसतं. जे बदल फक्त दोघांत सारखे, ते बहुधा त्यांच्या सामाईक पूर्वजाकडून आलेले. कडुनिंब आणि बकाण एका फांदीवर राहतात, कढीनिंब मात्र लिंबाकडे सरकतो. तुलनेसाठी तिघांहून दूरचा, बाहेरचा म्हणून आम्ही आंबा घेतो. त्याच्यावाचून झाडाचं मूळ कुठे धरायचं ते ठरत नाही.

आरबीसीएल सावकाश बदलतो. अगदी जवळच्या जातींत तो पुष्कळदा सारखाच निघतो, म्हणून आयटीएस हा डीएनएचा लवकर बदलणारा भागही वाचतो. पिशवी नडते ती इथे : ओल्या पानावर बुरशी वाढते. बुरशीत हरितलवक नसतं, पण आयटीएस असतो, आणि नेहमीचे प्रायमर (वाचायचा भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) पान आणि बुरशी दोन्हींच्या डीएनएला चिकटतात. मग मशीनच्या आलेखात, जिथे प्रत्येक अक्षराला एकच शिखर हवं, एका जागी दोन-दोन शिखरं येतात, किंवा सरळ बुरशीचाच अक्षरक्रम स्वच्छ वाचला जातो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो बिनचूक दिसतो.

कोवळं, निरोगी पान घ्या, कोरड्या फडक्याने पुसा, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. चहाच्या गाळणपिशवीत घालून पानाच्या दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये (ओल शोषणाऱ्या दाण्यांत) ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. दुसऱ्या दिवशी पान कुडकुडीत मोडलं पाहिजे. वाकलं तर अजून ओल आहे. इस्त्री फिरवून वाळवू नका, तेही करून पाहणारे आहेत.

बुरशी लागलेल्या नमुन्याचं शुल्क आम्ही परत करत नाही. डीएनए काढायला लागणारी रसायनं तेवढीच खर्ची पडतात. सिलिकाची तयार पाकिटं काउंटरवर आहेत, नमुना नोंदवणाऱ्यांना पहिली दोन मोफत. क्रम दोन्ही दिशांनी वाचून घेतलात तर थोडं महाग पडेल, पण एका वाचनातल्या सुरुवातीच्या तीस-चाळीस गढूळ अक्षरांची भर दुसऱ्यातून निघते.

मासे, किडे पाठवणार असाल तर ९५ टक्के इथेनॉलमध्ये, फॉर्मॅलिनमध्ये नको. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. पेनची शाई इथेनॉलमध्ये उतरते.