कस्टम व्हीलचा हब: बेअरिंगची फिट आणि मधला स्पेसर, थोडी पार्श्वभूमी

इंदूरमधे मागच्या काही वर्षांत बुलेटला रुंद मागचा टायर, पुढे दुसऱ्या गाडीचा यूएसडी फोर्क (उलटा बसवलेला शॉकअप) आणि सीएनसी मशीनवर कापलेला अल्युमिनियमचा हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) बसवायचं प्रमाण बरंच वाढलंय, आणि त्यासोबत एक तक्रारही वाढलीय की नवीन बेअरिंग टाकलं, चांगल्या ब्रँडचं टाकलं, तरी थोड्याच दिवसांत घुरघुरायला लागलं. दोष बेअरिंगचा फार कमी वेळा असतो. तो असतो हबच्या बोअरमधे (बेअरिंग बसतं त्या भोकात) आणि मधल्या स्पेसरमधे (दोन बेअरिंगच्या मधल्या नळीत), आणि असं का होतं ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

चाकाला बॉल बेअरिंग सायकलीतून आलं, पॅरिसमधे १८६९ साली त्याचं पेटंट झालं, मग १८८३ मधे जर्मनीत गोळ्या एकसारख्या गोल घासणारं मशीन आलं आणि खरी सुरुवात तिथून झाली. पण त्या काळच्या हबमधे कप आणि कोन असायचे, गोळ्या त्या दोघांच्या मधे, म्हणजे प्ले (ढिलेपणा) किती ठेवायचा ते मेकॅनिक हातानं ठरवायचा, कोन घट्ट करायचा, किंचित मागे घ्यायचा, चाक फिरवून बघायचा आणि चेकनट (कोन जागेवर धरणारा दुसरा नट) लावायचा. आपल्याकडचे कितीतरी जुने मिस्त्री सायकलवरच शिकले, त्यामुळे एक्सलचा नट हा प्ले सेट करायला असतो हे डोक्यात पक्कं बसलं.

आजच्या हबमधलं साधं डीप ग्रूव्ह बेअरिंग (खोल खाचेत गोळ्या फिरणारं) तसं नसतं. त्यात प्ले कारखान्यातूनच ठरून येतो आणि नट फक्त सगळी रांग दाबून धरतो: बाहेरचा स्पेसर, बेअरिंगची आतली रिंग, मधला स्पेसर, दुसऱ्या बेअरिंगची आतली रिंग, परत बाहेरचा स्पेसर. कंपनीच्या गाडीत ही सगळी मापं जुळलेली असतात म्हणून कुणाला विचार करावा लागत नाही. बुलेट १९५५ पासून मद्रासला बनायला लागली आणि ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांबरोबरच्या १०० सीसी गाड्या आल्या, तोपर्यंत गावोगावी एकच पद्धत रूढ झाली होती, इंदूरच्या सियागंज बाजारात नंबर सांगायचा, तेच बेअरिंग आणायचं, ठोकायचं, झालं. जुना हब आणि जुना स्पेसर तसाच राहत होता म्हणून ते चालून जायचं.

अमेरिकन गाड्यांचा इतिहास जरा वेगळा आहे. तिथल्या एका मोठ्या कंपनीच्या चाकात बरीच वर्षं टेपर रोलर (गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेले बेअरिंग) होते आणि त्यांचा एंड प्ले (बाजूचा ढिलेपणा) स्पेसरच्या लांबीवर किंवा शिम (पातळ चकती) घालून सेट करावा लागायचा, २००० च्या मॉडेलपासून त्यांनी सीलबंद बॉल बेअरिंग घेतलं आणि २००८ पासून एक्सल २५ मिमीचा केला. जुने लोक अजून म्हणतात की टेपरच बरे होते. मला ते पटत नाही, पण एक गोष्ट त्यांची खरी आहे, टेपरच्या काळात स्पेसर मोजल्याशिवाय चाक बसतच नव्हतं आणि ती सवय नंतर गेली.

कस्टममधे सगळ्यात आधी बदलतो तो एक्सल. फोर्क दुसऱ्या गाडीचा म्हणून एक्सल जाड, मग तोच बोअर ठेवून आतलं भोक मोठं असलेलं बेअरिंग शोधायचं. ६३०३ च्या जागी ६२०४ अगदी सरळ बसतं, दोन्ही बाहेरून ४७ मिमी आणि रुंदी १४, फक्त भोक १७ चं २० होतं. ६३०२ च्या जागी ६००४ पण बसतं, दोन्ही ४२ चे, पण रुंदी १३ ची १२ होते, म्हणजे बाहेरचे स्पेसर एकेक मिमी वाढवायचे आणि सर्कलिप (बेअरिंग बाहेर येऊ न देणारी स्प्रिंगची रिंग) असेल तर तिथली १ मिमीची फट शिमनं भरायची. ६३०१ काढून ६९०४ घालणारेही आहेत, ३७ मधे ३७ बसतं खरं, पण रुंदी १२ ची ९ होते, गोळ्या बारीक आणि भार घ्यायची क्षमता साधारण एक तृतीयांशनं कमी. भारी गाडीच्या पुढच्या चाकाला हे करू नये.

आता फिट. चाकात बाहेरची रिंग फिरते म्हणून हबमधे बेअरिंग टाईट हवं आणि एक्सलवर सरकतं. ४७ मिमीच्या बेअरिंगला एन-७ फिट (टाईट फिटचं एक ठरलेलं प्रमाण) धरली तर बोअर ४६.९६७ ते ४६.९९२ च्या मधे येतो. अल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, हब ५० अंशांनी तापला की ४७ मिमीवर २६ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) पकड निघून जाते, म्हणून अल्युमिनियमच्या हबला अजून टाईट घेतात. खरादवर (लेथवर) ४७.०० चा बोअर काढून 'बेअरिंग हातानं बसतंय, मस्त' म्हणणं म्हणजे ते हबमधे फिरणार हे नक्की. मग पंच मारून बोअर उचलायचा नाहीतर पत्र्याची पट्टी घालायची, हे दोन्ही उपाय बेअरिंगला वाकडं बसवतात. बोअर मोठा झालाच असेल तर तो अजून खोदून स्लीव्ह (धातूची नळी) घाला आणि परत मापात काढा. टाईट फिटमधे बाहेरची रिंग आवळते आणि आतला प्ले कमी होतो, म्हणून सी-३ (आतला प्ले जास्त असलेलं बेअरिंग) घ्यायचं, ६२०४ मधे साध्याचा रेडियल प्ले ५ ते २० मायक्रॉन असतो आणि सी-३ चा १३ ते २८.

खरा वाद आहे मधल्या स्पेसरचा. एक गट म्हणतो लांबी शोल्डर ते शोल्डर (बोअरच्या आत बेअरिंग टेकतं त्या दोन पायऱ्यांमधलं अंतर) एकदम बरोबर ठेवा, म्हणजे दोन्ही बेअरिंग शोल्डरला टेकतात. दुसरा गट म्हणतो ०.१ मिमीच्या आसपास जास्त ठेवा. मी दुसऱ्या गटातला. कारण साधं आहे, एकदम बरोबर माप काढायला गेलं की चूक दोन्हीकडे होऊ शकते आणि कमीच्या बाजूची चूक महाग पडते: स्पेसर आखूड असला की नट आवळताच दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे खेचल्या जातात, बाहेरच्या रिंगा शोल्डरला अडकलेल्या असतात, आणि गोळ्या ग्रूव्हच्या काठावर चढतात. नट लावायच्या आधी चाक मोकळं आणि लावल्यावर जड, हे त्याचं लक्षण. समजा हबची पूर्ण रुंदी ९८ मिमी आणि दोन्हीकडचे बेअरिंगचे खड्डे १४.५० खोल, तर शोल्डर ते शोल्डर ६९.००, स्पेसर ६९.१० चा करा. डिस्कच्या बाजूचं बेअरिंग शोल्डरपर्यंत पूर्ण दाबा, स्पेसर घाला, दुसरं बेअरिंग दोन्ही रिंगांना एकाच वेळी टेकणाऱ्या प्लेटनं दाबा आणि आतली रिंग स्पेसरला लागली की थांबा. इथे जोर करून बाहेरची रिंग शोल्डरपर्यंत नेली तर तसाच साइड लोड (बाजूचा दाब) परत आला, फक्त उलट दिशेनं. समोरच्यांचा आक्षेप असा की शोल्डरला न टेकलेलं बेअरिंग हब तापल्यावर सरकेल. बोअर ढिला असेल तर सरकेलच, म्हणून फिट आणि स्पेसर वेगवेगळ्या दुकानात करून घेऊ नये.

मागे स्प्रॉकेट कॅरियरला (चेनचं दातेरी चाक बसतं त्या भागाला) तिसरं बेअरिंग असतं आणि त्याचा आपला वेगळा स्पेसर, तो हिशोबात धरायला लोक विसरतात.

अलीकडे अजून दोन गोष्टी आल्या. जानेवारी २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल देऊन सांगितलं की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत, त्यामुळे असं काम करायच्या आधी आरटीओत विचारून घ्या. आणि एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, म्हणजे अशा गाडीचा हब बदलला की सेन्सरची रिंग आणि सेन्सर यांच्यातली फटसुद्धा बाहेरच्या स्पेसरवर अवलंबून. खरादवाल्याला हब देताना फक्त बेअरिंग नंबर न देता सेन्सरच्या रिंगची जागा, दोन्ही खड्ड्यांची खोली आणि एक्सलचा व्यास कागदावर लिहून द्या, आणि बोअर कापायच्या आधी बेअरिंग प्रत्यक्ष त्याच्या हातात ठेवा.