अग्निबाणावरील वायुरोधाचे प्रतिमान

अग्निबाण हवा बाजूला सारत वर जातो आणि तीच हवा त्याला मागे ओढते. या ओढीचे, म्हणजे वायुरोधाचे, गणित मांडून बाण किती उंच जाईल हे आधीच काढणे म्हणजे वायुरोधाचे प्रतिमान. अडचण अशी की रोध वेगावर ठरतो आणि वेग रोधाने बदलत राहतो.

हवेच्या घनतेचा निम्मा भाग, वेगाचा वर्ग, बाणाचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि आकारावर ठरणारा रोध गुणांक, या चौघांचा गुणाकार म्हणजे रोध. वेग दुप्पट झाला की रोध चौपट. गुणांक गोळ्यासाठी ०.४७ च्या आसपास असतो. पंख लावलेल्या छोट्या हौशी बाणासाठी ०.५ ते ०.७ धरतात.

समजा, ६० ग्रॅम वजनाच्या, २५ मिमी व्यासाच्या बाणाचे इंधन संपले तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १०० मीटर आहे आणि तो सरळ वर चालला आहे. हवा नसती तर तो आणखी ५१० मीटर चढला असता. गुणांक ०.६ आणि हवेची घनता घनमीटरला १.१६ किलो धरली तर तो २३९ मीटरवरच थांबतो. निम्म्याहून अधिक उंची हवेने खाल्ली. कारण उघड आहे : त्या क्षणी रोध १.७ न्यूटन असतो, बाणाच्या वजनाच्या जवळपास तिप्पट.

हा सरळ चढ एका सूत्रात सुटतो. तिरके उड्डाण, जळत जाणारे इंधन आणि वारा आले की सूत्र हात टेकते. मग गणितज्ञ लेओनार्ड ऑयलरच्या नावाने ओळखली जाणारी पायरी-पायरीची रीत वापरतात. दर ०.१ सेकंदाला रोध काढायचा, त्यावरून नवा वेग, पुन्हा रोध. वरच्या बाणाचा वेग पहिल्याच पायरीत १०० वरून सुमारे ९६ वर येतो. संगणकाच्या तक्त्यात हे काम तासाभराचे. वहीत केले तर संध्याकाळ जाते, पण समजते जास्त.

घनता १.१६ धरली ती इंदूरच्या थंडीतल्या पहाटेची. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. तेवढ्याच थंडीत सखल बडोद्याला घनता १.२४ भरते आणि तोच बाण २३२ मीटरवर थांबतो. उलट मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या दुपारी इंदूरची घनता १.०६ पर्यंत उतरते आणि उंची २४९ होते. म्हणजे माळव्याच्या पठारापेक्षा माळव्याचा उन्हाळा बाणाला जास्त मदत करतो.

मोठ्या अग्निबाणाचे गणित वेगळे पडते. आकार वाढला की वजन घनाच्या, तर क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून कक्षेत जाणारे महाकाय बाण हवेत तुलनेने फारच थोडा वेग गमावतात. त्यांची चिंता रचनेवरच्या ताणाची. वेग वाढत असतो, हवा विरळ होत असते आणि साधारण १० ते १४ किमी उंचीवर वेगामुळे बाणावर पडणारा हवेचा दाब कळसाला पोचतो. ध्वनीच्या वेगाजवळ गुणांकही एकदम चढतो, त्यामुळे तिथे एकच स्थिर गुणांक धरून चालत नाही.

इंदूरजवळच्या गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट युद्ध होते. हिंगणाचे फळ पोखरून, वाळवून त्यात दारू ठासतात, बांबूची काडी बांधतात आणि पेटवून समोरच्या फळीवर सोडतात. गावांच्या दोन बाजूंची नावे तुर्रा आणि कलंगी. मराठी वाचकाला शाहिरांचा कलगी-तुरा आठवावा अशीच. दरवर्षी माणसे भाजतात. काडीमुळे मागच्या भागाला हवेचा रोध मिळतो आणि फळ गिरक्या न घेता बऱ्यापैकी सरळ जाते; मोठ्या बाणाला पंख लावतात ते याच कामासाठी. पण प्रत्येक फळाचा आकार वेगळा, दारू वेगळी, काडीचा बाक वेगळा. एका हिंगोटाचा गुणांक मोजला तरी तो दुसऱ्याला लागू पडत नाही.