१४२ म्हणजे नक्की कशाचे? वेबवरच्या टेबलांची पार्श्वभूमी

रक्ताच्या रिपोर्टचं टेबल समोर आहे असं समजा. त्यात एका चौकटीत १४२ लिहिलंय. नजर त्या आकड्यावर पडते, लगेच डावीकडे जाऊन ओळीचं नाव बघते, वर जाऊन तारीख बघते आणि परत येते, हे सगळं इतक्या पटकन होतं की आपण काही केलं असं वाटतही नाही. पण जो माणूस स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, लावून ऐकतोय त्याला नुसतं "एकशे बेचाळीस" ऐकू येतं. आता सोडियम १४२ असेल तर सगळं ठीक आहे आणि उपाशीपोटी साखर १४२ असेल तर डॉक्टरकडे जायला हवं. म्हणजे नुसता आकडा पोचला तर काहीच पोचलं नाही, त्याच्याबरोबर ओळीचं आणि कॉलमचं नावही पोचायला हवं, एवढाच हा सगळा प्रश्न.

बऱ्याच जणांना वाटतं की वेब आधी डोळ्यांसाठी बनलं आणि अंध वापरकर्त्यांची आठवण कुणाला तरी नंतर झाली. टेबलांच्या बाबतीत तरी हे खरं नाही, आणि म्हणूनच मला ही गोष्ट जास्त लागते. डेव्ह रॅगेट यांनी १९९३ मध्ये एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेच्या, एचटीएमएल प्लस नावाच्या प्रस्तावात टेबलं मांडली, आणि १९९५ च्या एचटीएमएल ३.० च्या मसुद्यात चौकटींना ॲक्सिस (axis) आणि ॲक्सेस (axes) असे दोन ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगला जोडायचे गुणधर्म, दिले होते. एकात हेडिंगचं छोटं नाव द्यायचं, दुसऱ्यात ही चौकट कुठल्या कुठल्या हेडिंगखाली येते ते सांगायचं, आणि हे कशासाठी तर टेबल बोलून दाखवताना उपयोगी पडावं म्हणून, असं मसुद्यातच स्पष्ट लिहिलेलं होतं. शिवाय ॲक्सेस दिलंच नसेल तर कॉलममध्ये वर आणि ओळीत डावीकडे (काही भाषांत उजवीकडे) जाऊन हेडिंग शोधा, असंही त्यात होतं. अगदी डोळा करतो तेच!

मग माशी कुठे शिंकली? तो मसुदा कधी पक्का झालाच नाही. त्याच वर्षी नेटस्केप १.१ या ब्राउझरमध्ये टेबलं दिसायला लागली आणि लोकांनी ती हातोहात उचलली, पण आकड्यांसाठी कमी आणि पान सजवायला जास्त. जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये टेबल अधिकृत झालं, आवाजासाठीचे ते दोन ॲट्रिब्यूट मात्र त्यात नव्हते. तेव्हाच्या डिझायनरांना मी दोष देणार नाही, कारण सीएसएस १, म्हणजे पानाचं दिसणं आणि मांडणी ठरवायची भाषा, आलं डिसेंबर १९९६ मध्ये आणि ब्राउझरमध्ये ते धड चालायला पुढे कित्येक वर्षं गेली, तोपर्यंत डावीकडे मेनू आणि उजवीकडे मजकूर ठेवायचा तर टेबलाशिवाय दुसरा भरवशाचा मार्गच नव्हता. टेबलात टेबल, त्याच्या आत आणखी टेबल, मधे जागा सोडायला एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र.

इकडे स्क्रीन रीडरचीही अडचण होती. डॉसच्या काळात पडद्यावरची अक्षरं ओळीने वाचणं हेच त्यांचं काम, आणि विंडोजसाठीचा जॉज (JAWS) नावाचा स्क्रीन रीडर १९९५ मध्ये आला तेव्हाही वेबपान ओळीनेच वाचलं जायचं. दोन शेजारच्या चौकटींत दोन-दोन ओळींचा मजकूर असेल तर पहिल्या चौकटीची पहिली ओळ, दुसरीची पहिली ओळ, मग पहिलीची दुसरी असं सगळं एकमेकांत मिसळून कानावर यायचं. पडदा सोडून पानाच्या रचनेवरून वाचायचा मार्ग ज्यांनी दाखवला त्यात आयबीएमच्या चिएको आसाकावा यांचं नाव घ्यायलाच हवं. त्या स्वतः अंध आहेत, आणि त्यांचा होम पेज रीडर, वेबपान बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, १९९७ मध्ये जपानमध्ये आला. पुढे जॉजसारख्या प्रोग्रॅमनीही ब्राउझरकडून पानाची रचना घेऊन वाचायला सुरुवात केली आणि तेव्हा कुठे टेबलात एकेक चौकट पुढे-मागे, वर-खाली फिरणं शक्य झालं.

१९९७ च्याच डिसेंबरमध्ये एचटीएमएल ४.० आलं आणि आज आपण जे वापरतो ते जवळपास सगळं त्यात आहे: हेडिंगच्या टीएच टॅगला स्कोप लावून ते ओळीचं की कॉलमचं हे सांगायचं, गुंतागुंतीच्या टेबलात प्रत्येक हेडिंगला आयडी देऊन चौकटीत हेडर्सने त्याचा उल्लेख करायचा, वर कॅप्शन, आणि (पुढे मागे पडलेली) समरी, म्हणजे पानावर न दिसणारा टेबलाचा सारांश. हेडिंग शोधायची पद्धतही पायरी पायरीने लिहून दिली होती. मे १९९९ मध्ये डब्ल्यूसीएजी १.० ने, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक नियमांनी, डेटा टेबलात ओळ-कॉलमची हेडिंगं ओळखू येणं हे पहिल्या प्राधान्याचं ठरवलं, आणि अमेरिकेत केंद्र सरकारची संगणक-साधनं अपंगांना वापरता यावीत यासाठीच्या कलम ५०८ चे नियम जून २००१ पासून लागू झाले त्यातही हीच अट होती.

नियम झाले, पण पानं तीच राहिली. वेबवरची बहुतेक टेबलं नुसती मांडणीची, त्यामुळे स्क्रीन रीडर आणि ब्राउझर अंदाज बांधायला लागले, टीएच आहे का, कॅप्शन आहे का, एकच ओळ किंवा एकच कॉलम आहे का, बॉर्डर आहे का. अंदाज चुकला की मेनूचं टेबल डेटा म्हणून वाचलं जाणार आणि ज्याने टीएच न लावता हेडिंग नुसतं बोल्ड केलं त्याचं खरं टेबल टेबल म्हणून सांगितलंच जाणार नाही. समरीचं तर फारच वाईट झालं, लोक मांडणीच्या टेबलाला समरी देऊन त्यात "हे मांडणीचं टेबल आहे" असं लिहायचे आणि ऐकणाऱ्याला ते प्रत्येक पानावर पाच-सहा वेळा ऐकावं लागायचं. एचटीएमएल ५ बनताना याच समरीवर खूप वाद झाला. ती फक्त स्क्रीन रीडरवाल्यांनाच ऐकू येते म्हणून ठेवा असं एक बाजू म्हणत होती, आणि ती कुणाला दिसत नाही म्हणूनच चुकीची राहते असं दुसरी. शेवटी २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये ती कालबाह्य ठरली. मला दुसरी बाजू पटते, टेबल समजून घ्यायला दोन वाक्यं लागत असतील तर ती सगळ्यांनाच दिसू देत.

मधल्या काळात सीएसएस सुधारलं, मांडणीसाठी टेबल नको हे सगळ्यांना पटलं, पण काहींनी त्याचा अर्थ टेबलच नको असा घेतला आणि खरे आकडेही डिव्हमध्ये, म्हणजे नुसत्या बिनअर्थाच्या चौकोनी डब्यात, टाकायला लागले. डिव्हला ना ओळ ना कॉलम. डब्ल्यूसीएजी २.० ने २००८ मध्ये सर्वात प्राथमिक पातळीवरच सांगितलं होतं की डोळ्यांना दिसणारी रचना आणि नाती कोडमध्येही असली पाहिजेत, तरी हे चालू राहिलं. २०१० नंतर मोबाइलवर टेबल मावेना म्हणून चौकटींना सीएसएसने डिस्प्ले ब्लॉक करायची, म्हणजे त्या एकाखाली एक रचायची, पद्धत आली, आणि कोडमध्ये टीएच, स्कोप सगळं नीट असूनही बऱ्याच ब्राउझरमध्ये ते स्क्रीन रीडरसाठी टेबल राहीनासं झालं, जे नुसतं बघून कधीच कळत नाही, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून कंट्रोल-आल्ट आणि बाण दाबून फिरून बघितलं तरच कळतं.

डिसेंबर २०१७ च्या एरिया (ARIA) १.१ ने, म्हणजे कुठल्याही टॅगची स्क्रीन रीडरला ओळख सांगायच्या नियमांनी, टेबल हा रोल (भूमिका) दिला तो अशाच जागी कामाला येतो, डिव्हच्या ढिगाला निदान टेबल म्हणून ओळख देता येते. साधं टेबल वापरता येत असेल तर मात्र तेच वापरावं, कारण रोल हाताने लावताना एखादा विसरला की पुन्हा सगळं तुटतं. त्यातला खरंच नवा भाग म्हणजे एकूण ओळी किती आणि ही कितवी हे सांगायची सोय, कारण हजारो ओळींच्या टेबलातल्या वीस-पंचवीसच ओळी एका वेळी पानात भरायच्या ही पद्धत १९९७ मध्ये एचटीएमएल ४.० लिहिणाऱ्यांसमोर नव्हतीच.