गरिबांच्या योजनेला पाठीराखे कोण?

सोलापुरातल्या कुठल्याही बऱ्या पगाराच्या नोकरदाराचं पगारपत्रक पाहा. व्यवसाय कर म्हणून दर महिन्याला २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी बसवला, हे आता कापून घेणाऱ्याच्याही गावी नसतं.

१९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली होती. त्यातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मजुराने काम मागायचं, सरकारने द्यायचं आणि खर्चाचा वाटा शहराने उचलायचा. शहर तयार का झालं? माणुसकी होतीच, पण हिशेबही होता. गावात काम मिळालं तर दुष्काळात शहरावर लोंढे येत नाहीत. गावातल्या जमीनवाल्याला पाझर तलाव आणि रस्ते मिळाले. १९९० पासून फळबाग लागवडही या योजनेला जोडली गेली आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंब फोफावलं. मजुराच्या योजनेला बागायतदार पाठीराखा मिळाला.

असे पाठीराखे नसले की काय होतं, ते श्रीलंकेत दिसलं. तिथे पूर्वी बहुतेकांना मिळणारा स्वस्त तांदूळ १९७९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त गरिबांना कूपन देण्यात आली. कागदावर हे शहाणपणाचंच होतं. पण महागाई वाढत गेली, कूपनावरचा आकडा तोच राहिला आणि मध्यमवर्ग स्वतःच यादीबाहेर असल्याने त्याने कशाला भांडावं?

योजनेने मतं मिळतात का, हे मोजणं मात्र अवघड. लाभार्थी मुळातच सरकारच्या बाजूचे असतील तर? उरुग्वेत २००५ ते २००७ दरम्यान गरीब कुटुंबांना दरमहा रोख मदत मिळत होती. घरच्या परिस्थितीवरून प्रत्येक कुटुंबाला गुण दिले होते आणि एका ठरावीक रेषेपलीकडच्यांनाच पैसे मिळत. मानाकोर्दा, मिगेल आणि विगोरितो या अर्थशास्त्रज्ञांनी रेषेच्या अगदी अलीकडचे आणि पलीकडचे लोक तेवढे तपासले. परीक्षेत ३४ आणि ३५ गुण मिळवणाऱ्या पोरांत फरक तो काय असणार? तरी पैसे मिळालेल्यांत सरकारला पसंती देणारे शंभरामागे ११ ते १३ जणांनी जास्त निघाले, आणि योजना संपल्यावरही हा कल पुरता ओसरला नाही.

मेक्सिकोतल्या अशाच योजनेवरून मात्र वाद आहे. तिने सत्ताधाऱ्यांची मतं वाढवली, असं २०१३ मधल्या अभ्यासाचं म्हणणं होतं. २०२० मध्ये तीच आकडेवारी पुन्हा तपासणाऱ्यांना परिणाम सापडला नाही.

त्यामुळे २०२४ ची विधानसभा 'लाडकी बहीण'नेच जिंकून दिली, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं. दरमहा १५०० रुपये राज्यभर एकदमच सुरू झाले. ताडून पाहायला रेषेपलीकडचा तसाच गट कुठून आणणार? मला जास्त बोलकं वाटतं ते विरोधकांचं वागणं. बंद करू असं कुणी म्हणालं नाही, उलट ३००० देऊ म्हणाले. अडीच लाखांपर्यंत उत्पन्नाची घरं धरली की तेव्हा दोन कोटींहून अधिक बायका होत होत्या, त्यांना कोण दुखावणार? निराधार वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा मात्र ६० ते ७९ वयासाठी अजून महिना २०० रुपयेच आहे.

सोलापुरात पूर्व भागातल्या घरांत आजही बायका मांडीवर सूप घेऊन बसतात. भिजवलेलं पान कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा; दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. १९७६ च्या कायद्याने विडीवर कल्याण उपकर होता. त्यातून या घरांतल्या मुलांची शिष्यवृत्ती, दवाखाने आणि घरकुलाची मदत चाले. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर गेला. विडीवाल्यांखेरीज कुणाचं काही अडलं नाही, त्यामुळे कामगारांच्या वर्तुळाबाहेर त्याचा फारसा बोभाटाही झाला नाही.

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरचं तसं झालं नाही. माजी आमदार नरसय्या आडम यांनी लावून धरलेल्या त्या वसाहतीतल्या १५ हजार घरांच्या लोकार्पणाला जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान आले. तिथल्या लाभार्थ्यांत विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे आणि ड्रायव्हरही आहेत.