युद्धनौकांच्या सुट्या भागांचं काम ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गाळ्याला कसं मिळतं : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

१ जुलै २०२५ रोजी रशियातल्या कॅलिनिनग्राडमध्ये 'आयएनएस तमाल' भारतीय नौदलात दाखल झाली. परदेशातून घेतलेली ही शेवटची युद्धनौका, असं तेव्हा जाहीर झालं. तेव्हापासून रबाळे-महापेच्या गाळ्यांतून एकच विचारणा असते : आम्हाला यात शिरता येईल का, अर्ज कुठे करायचा? शिरता येतं. पण बहुतेक जण जहाजाच्या ऑर्डरकडे डोळे लावून बसतात, आणि लहान कारखान्याचं काम तिथे नसतं.

परदेशी जहाजाची खरेदी 'संरक्षण संपादन प्रक्रिये'नुसार होते. नौदल गरज मांडतं, संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची संरक्षण संपादन परिषद तत्त्वतः मंजुरी देते, मग निविदा, तांत्रिक छाननी, चाचण्या, किमतीच्या वाटाघाटी आणि शेवटी आर्थिक मंजुरी. यात वर्षं जातात. तमाल आणि तिची जोडीदार तुशिल २०१६ च्या भारत-रशिया करारातल्या. तुशिल डिसेंबर २०२४ मध्ये आली, तमाल त्यानंतर. पाणबुड्यांच्या 'प्रोजेक्ट ७५-आय' ची निविदा जुलै २०२१ ला निघाली आणि मुंबईची सरकारी जहाजबांधणी कंपनी माझगाव डॉक व जर्मनीच्या थिसेनक्रुप मरीन सिस्टिम्सशी वाटाघाटी सुरू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. या टप्प्यांत तुमच्या सहीचा एकही कागद लागत नाही.

ऑफसेटचंही फार मनावर घेऊ नका. परदेशी कंपनीने कराराच्या ३० टक्के रकमेचं काम भारतात द्यायचं, ही अट २००५ पासून आहे. २०१६ मध्ये तिची मर्यादा ३०० कोटींवरून २,००० कोटींच्या करारांवर गेली आणि २०२० च्या प्रक्रियेत सरकार-ते-सरकार व एकाच विक्रेत्याकडून होणाऱ्या खरेदीला त्यातून वगळलं. शिवाय भारतीय भागीदार कोण, हे परदेशी कंपनीच ठरवते. तिथे अर्ज वगैरे काही नसतो.

काम आहे ते दोन ठिकाणी. पहिलं, जहाजावर यंत्रणा बसवणाऱ्या भारतीय कंपन्यांकडे. तमालवर २६ टक्के सामग्री भारतीय आहे. ब्रह्मोस एरोस्पेस, भारत इलेक्ट्रॉनिक्स, केल्ट्रॉन अशी नावं त्यात आहेत. या कंपन्या ब्रॅकेट, पॅनेल, केबल ग्लँड, मशीन केलेले भाग बाहेरून करून घेतात. दुसरं, आणि माझ्या मते जास्त खात्रीचं, म्हणजे सुटे भाग. रशियन बांधणीची तलवार वर्गातली पहिली जहाजं २००३-०४ मध्ये आली आणि अजून चालताहेत. युद्धनौका पंचवीस-तीस वर्षं वापरतात, आणि एवढ्या काळात तिचे व्हॉल्व्ह, इम्पेलर, कपलिंग, सील कितीदा तरी बदलतात. मूळ कारखाना हजारो किलोमीटर दूर, त्यात युद्ध आणि निर्बंध. म्हणून नौदलाला हे भाग इथे बनवून हवे असतात.

पात्रता

पहिली पायरी उद्यम, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. ती फुकट आहे, पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून लांब राहा. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तर सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु. एका पॅनवर एकच उद्यम निघतो; रबाळ्यात एक आणि वागळे इस्टेटमध्ये दुसरा गाळा असेल तर दोन्ही पत्ते त्यातच टाकायचे.

एनआयसी कोड, म्हणजे व्यवसायाचा प्रकार सांगणारा क्रमांक, भरताना मात्र डोळे उघडे ठेवा. सीएच्या ऑफिसातला मुलगा घाईत 'घाऊक व्यापार' टाकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. व्यापाऱ्याला उद्यम मिळतो, पण सरकारी खरेदीतले लाभ मिळत नाहीत. ते उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहेत. आणि हे लाभ थोडेथोडके नाहीत. २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालयं व सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के भाग सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांकडून. निविदा फॉर्मची फी नाही, बयाणा रक्कम नाही. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी तो दर जुळवून ऑर्डरचा वाटा घेता येतो. परफॉर्मन्स गॅरंटी, म्हणजे ऑर्डर नीट पुरी करण्याची हमी, मात्र सहसा द्यावी लागते. त्यासाठी बँकेशी आधीच बोलून ठेवा.

औद्योगिक परवान्याची भीती बऱ्याच जणांना असते. संपूर्ण युद्धनौका किंवा शस्त्रास्त्रं बनवायची तर तो लागतो. साधे मशीन केलेले भाग, कास्टिंग, फोर्जिंग यांना सहसा लागत नाही.

कागदपत्रं

पॅन, जीएसटी, उद्यम, तीन वर्षांचे ताळेबंद, बँकेचं पत्र, आयएसओ ९००१ असेल तर ते, यंत्रांची यादी, आधी केलेल्या कामाच्या ऑर्डरी. भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशांतल्या बोलीदारांबाबतचं हमीपत्र २०२० पासून बोलीसोबत लागतं. स्थानिक सामग्रीचं स्वयंप्रमाणपत्रही हवं : ५० टक्के किंवा जास्त असेल तर पहिला वर्ग, २० ते ५० मध्ये दुसरा. मोटार किंवा सीलचा सेट आयात करून जोडत असाल तर हा आकडा नीट काढा, अंदाजाने ठोकू नका. खोटा निघाला तर काळ्या यादीत जाता.

आपल्या भागातली खरी अडचण गाळ्याची. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात निम्मं जग भाड्याच्या गाळ्यात आहे. एमआयडीसीची पोटभाड्याची परवानगी नाही, वीजबिल मूळ मालकाच्या नावावर, जीएसटीवर जुना पत्ता. क्षमता तपासायला अधिकारी आला की तो आधी हेच मागतो, लेथ नंतर बघतो. पत्ता सगळीकडे एकसारखा करून घ्या, मगच अर्जाला हात घाला.

दुसरी गोष्ट हीट नंबरची, म्हणजे धातू कुठल्या ओतीतला आहे ते सांगणाऱ्या क्रमांकाची. समुद्राच्या पाण्यातल्या भागाला एसएस ३१६ एल हे स्टेनलेस स्टील किंवा निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझ लागतं आणि सळीसोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट येतं. त्यावरचा हीट नंबर सळीच्या टोकावर ठोकलेला असतो. बँडसॉवर बसणारा माणूस सवयीने नंबराचंच टोक आधी कापतो आणि उरलेली सळी बेवारस होते. मग तो तुकडा ३१६ एल आहे हे नुसत्या तोंडी सांगण्याला काही किंमत नाही. इन्स्पेक्शनचं काम असेल तर कापण्याआधी इन्स्पेक्टरला बोलवायचं, त्याच्यासमोर नंबर प्रत्येक तुकड्यावर ठोकायचा आणि त्याचा शिक्का घ्यायचा, मगच ब्लेड चालवायचं. क्वालिटी अॅश्युरन्स प्लॅनमध्ये हा टप्पा वेगळा लिहिलेला असतो. तो वाचूनच कोटेशन द्या. चाचण्यांचा खर्च कित्येकदा मालापेक्षा जास्त होतो. त्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करा.

अर्ज कुठे

सृजन पोर्टलपासून सुरुवात करा. ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर तिन्ही सेना आणि संरक्षण कंपन्या आयात होणारे भाग मांडतात. नोंदणी करून आपल्याला जमेल त्या भागात रस नोंदवायचा. शंभर ठिकाणी टिचकी मारू नका. ज्या मापाचा तुमचा लेथ आहे तेवढेच भाग निवडा. समोरून ड्रॉइंग किंवा नमुना दाखवला जातो आणि पहिला नग सहसा चाचणीसाठी बनवावा लागतो.

त्याबरोबर सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंदणी करा आणि संरक्षण खात्याच्या ई-निविदा पोर्टलसाठी क्लास ३ डिजिटल सही काढा. सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेली घ्या, नाहीतर बोली अपलोडच होत नाही. माझगाव डॉकची व्हेंडर नोंदणी वेगळी आहे, ती त्यांच्या संकेतस्थळावर होते. नौदलाच्या मुंबईतल्या जहाजांचं भांडार घाटकोपरला आहे, म्हणजे ठाण्याहून लोकलने थेट जाता येतं. पण निविदा ऑनलाइनच भरायची. तांत्रिक पाकीट आधी उघडतं, किमतीचं नंतर. तांत्रिक पाकिटात चुकून दर लिहिला की बोली बाद.

पैसे

एमएसएमई कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत सूक्ष्म व लघु उद्योगाला पैसे मिळायला हवेत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने, दर महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागू होतं. मालाबद्दल तक्रार असेल तर ती खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी द्यायची असते. फोनवर "थोडा प्रॉब्लेम आहे" म्हणणं यात मोजत नाहीत, म्हणून डिलिव्हरी चलनावर तारखेसह पोच घ्याच. पैसे अडकले तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज करता येतो, त्याला उद्यम क्रमांक, ऑर्डर आणि बिलाची प्रत लागते. मोठ्या कंपनीला उपठेकेदार म्हणून माल दिला असेल तरी हा कायदा लागू आहे. मात्र उद्यमची तारीख पुरवठ्याच्या आधीची असली पाहिजे.