बालाक्लाव्हाची ती चढाई कार्डिगनच्या डोक्यातून आलीच नव्हती

अजून लोक बिनधास्त सांगतात की क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हाला लॉर्ड कार्डिगनने आपल्या मस्तीत लाइट ब्रिगेड, म्हणजे त्याच्या हाताखालची ब्रिटिश घोडदळाची तुकडी, रशियन तोफांवर घातली आणि सगळे मेले. दोन्ही चूक. 25 ऑक्टोबर 1854 ला हुकूम निघाला ब्रिटिश सेनापती रॅग्लनचा, तोही मोघम, कॅप्टन नोलन तो घेऊन आला घोडदळाचा प्रमुख लुकनकडे, आणि लुकनने तो दिला कार्डिगनला. लुकन म्हणजे कार्डिगनच्या बहिणीचा नवरा, आणि दोघांचं अजिबात पटायचं नाही! समोर आणि बाजूलाही तोफा आहेत हे कार्डिगनने बोलून दाखवलं, पण हुकूम तो हुकूम, मग गडी स्वतः सगळ्यांच्या पुढे गेला. साधारण 670 जण गेले, त्यातले 110 च्या आसपास मेले, जखमी आणि पकडलेले वेगळे, घोड्यांचे हाल तर त्याहून वाईट.

म्हणून माणूस संत होता असं नाही हं. तेव्हा हुद्दे विकत मिळायचे, त्यामुळे 1824 ला भरती आणि 1830 ला थेट लेफ्टनंट कर्नल. 1834 मध्ये भांडखोरपणामुळे कमांड गेली, तरी 1836 ला दुसरी रेजिमेंट मिळालीच. ओळखी होत्या ना!