दोन डोळ्यांमधला कोन

दिवाळीत इंदूरला, सुदामानगरात मामाकडे सगळे जमलो होतो. जेवणं आटोपल्यावर अजूने, माझ्या मामेभावाने, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि ‘छोटा चेतन’ लावला. त्याची ओवी आता आठ वर्षांची आहे. १९९८ साली मी आठ वर्षांची होते, अजू सात, आणि आईने आम्हा दोघांना रिक्षाने टॉकीजला नेऊन हा सिनेमा दाखवला होता. त्या दिवसाची गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की ओवीला ती पाठ आहे: पडद्यातून आइस्क्रीमचा कोन बाहेर आला, थेट नाकासमोर, आणि आम्ही दोघांनी तो घ्यायला हात पुढे केले.

तो प्रसंग आला. कोन टीव्हीवर जरा मोठा झाला आणि पुढचं दृश्य सुरू झालं.

“आत्या, हेच होतं?” ओवीने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

मी हो म्हटलं, पण ते उत्तर चुकीचं होतं. टीव्हीवर आम्ही अर्धाच सिनेमा पाहत होतो, आणि ‘अर्धा’ हे मी मोजूनमापून म्हणते आहे.

मूळ सिनेमा मल्याळम, १९८४ चा ‘माय डिअर कुट्टिचातन’, जिजो पुन्नूस यांनी दिग्दर्शित केलेला. भारतातला तो पहिला थ्रीडी चित्रपट. अशा चित्रपटात प्रत्येक क्षणाची दोन चित्रं टिपतात, एक डाव्या डोळ्याच्या जागेवरून आणि एक उजव्या. तेव्हाची रीत अशी होती की ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका चौकटीच्या जागेत ही दोन्ही चित्रं एकावर एक बसवायची आणि प्रोजेक्टरच्या खास भिंगातून ती पडद्यावर एकाच जागी पाडायची. घरी पाहायची साधी प्रत काढताना त्यातलं एकच चित्र ठेवतात. दुसऱ्या डोळ्याचा सिनेमा त्या प्रतीत नसतोच.

कोणत्या डोळ्याला कोणतं चित्र द्यायचं हे ठरवण्याचं काम चष्म्याचं. हा चष्मा एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळा होता, अशी मला वर्षानुवर्षं खात्री होती. तो तसा नव्हता. या सिनेमासाठी ध्रुवीकरणाचे चष्मे दिले जात, दोन्ही काचा सारख्याच राखाडी. लाल-निळा चष्मा मी पुढे कधीतरी मुलांच्या मासिकासोबत आलेला पाहिला असणार, आणि तो माझ्या टॉकीजच्या आठवणीत जाऊन बसला.

प्रकाशाची लहर ज्या दिशेने पुढे जाते तिला काटकोनात थरथरते, कधी उभी, कधी आडवी, कधी तिरकी. ध्रुवीकरणाची काच त्यातली एकाच दिशेची थरथर पुढे सोडते. टपालपेटीच्या आडव्या फटीत पाकीट आडवं धरलं तरच आत जातं, तसं. प्रोजेक्टरमध्ये डाव्या चित्रापुढे एका दिशेची काच लावतात, उजव्यापुढे तिला काटकोनात असलेली, आणि चष्म्यातही त्याच दोन. अट एकच: पडद्यावरून परतताना ती दिशा टिकली पाहिजे. साधा पांढरा पडदा ती विस्कटून टाकतो, म्हणून थ्रीडीच्या खेळांसाठी धातूच्या चमकदार लेपाचा पडदा लागायचा. ‘रुपेरी पडदा’ हा शब्द आपण अलंकार म्हणून वापरतो. इथे तो अक्षरशः लागत होता.

चष्मा मला मोठा होत होता. आईने आपल्या केसांचं रबर काढून तो मागे बांधून दिला होता. मध्येच मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं की सगळं दोन-दोन दिसायला लागायचं. ही आठवण मात्र मी खरी मानते, कारण भौतिकशास्त्र तिच्या बाजूने आहे. डोकं कललं की चष्म्यातल्या काचांची दिशा पडद्यावरच्या दिशेशी जुळत नाही, आणि एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात झिरपतं.

आता कोनाकडे येऊ. आपले दोन डोळे दोन जागी आहेत, म्हणून प्रत्येक डोळ्याला जग किंचित वेगळं दिसतं. १८३८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीट्स्टन यांनी दोन आरशांचं एक साधन करून दोन सपाट रेखाचित्रं दोन डोळ्यांना वेगवेगळी दाखवली, आणि पाहणाऱ्याला एकच भरीव आकृती दिसली. १९६० साली अमेरिकेत बेला युलेश यांनी याहून थक्क करणारी गोष्ट केली. त्यांनी नुसत्या विखुरलेल्या ठिपक्यांची दोन चित्रं तयार केली. एका डोळ्याने पाहिलं तर ठिपक्यांखेरीज काहीच दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की मधला चौकोन उचलून पुढे येतो. कुठल्याच एका चित्रात नसलेला चौकोन मेंदू घडवतो.

आमचं आइस्क्रीमही असंच घडलं. पडद्यावर डाव्या डोळ्याचं चित्र उजवीकडे आणि उजव्या डोळ्याचं डावीकडे सरकवून दाखवलं, की दोन्ही नजरा पडद्यापर्यंत पोचण्याआधीच एकमेकींना छेदतात. जिथे छेदतात तिथे मेंदूला वस्तू दिसते. छेदताना नजरांमध्ये होणारा कोन जेवढा मोठा, तेवढी वस्तू जवळ. भूमितीतला कोन आणि आइस्क्रीमचा कोन यांना मराठीत एकच शब्द आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

शाळेतले समरूप त्रिकोण घेतले तर हिशेब दोन मिनिटांत होतो. समजा, पडदा आमच्यापासून ११ मीटरवर होता आणि दोन चित्रं एकमेकांपासून ६३ सेंटिमीटर सरकवलेली होती. मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६.३ सेंटिमीटर असतं. मग आईच्या नजरा छेदल्या तिच्यापासून बरोबर १ मीटरवर. आठ वर्षांच्या मुलाच्या बाहुल्यांमध्ये साधारण साडेपाच सेंटिमीटर असतात. त्याच रांगेत, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून माझ्या नजरा छेदल्या ८८ सेंटिमीटरवर. आइस्क्रीम तिच्यापेक्षा माझ्या बारा सेंटिमीटर जवळ आलं होतं. मुलांचे हात उठले आणि मोठ्यांचे उठले नाहीत, त्यामागे वयाचं भाबडेपण असेलच, पण ही बारा सेंटिमीटरही होती.

आणखी एक गोष्ट या हिशेबातून निघते, ती मला सगळ्यात प्रिय आहे. २२ मीटरवर बसलेल्या मोठ्या माणसाला कोन २ मीटरवर दिसतो, ११ मीटरवरच्याला १ मीटरवर. म्हणजे प्रत्येक मोठ्या माणसाला तो आपल्या आणि पडद्याच्या मधल्या अंतराच्या अकराव्या हिश्शावर, आपल्याच समोर दिसतो. पाचशे प्रेक्षक असतील तर पाचशे कोन, प्रत्येकाचा वेगळ्या जागी, आणि पडद्यावर एकही नाही. उद्या कुणी तीच फिल्म, तोच रुपेरी पडदा आणि तीच खुर्ची मला दिली, तरी १९९८ चा कोन मला मिळणार नाही. माझे डोळे आता एकमेकांपासून दूर गेले आहेत. मला आईचा कोन मिळेल.

टीव्हीवर सगळंच हरवलं होतं असं मात्र नाही. मुलं खोलीच्या भिंतीवरून चालत छतावर जातात ते गाणं ओवीने तीनदा मागे नेऊन पाहिलं. तिथे दुसऱ्या डोळ्याची गरजच नाही. सगळी खोली एका फिरत्या सांगाड्यावर उभारली होती. खोलीबरोबर कॅमेराही फिरला की चौकटीत खोली स्थिर दिसते. उभं-आडवं ठरवताना मेंदू एरवी कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाचं ऐकतो, पण आपण तर सोफ्यावर बसलेले. तेव्हा तो भिंती आणि दारांच्या चौकटीवर विसंबतो आणि मुलंच तिरकी झाली असं मानतो. यामागची युक्ती समजल्यावर हे दृश्य मला लहानपणापेक्षा जास्त आवडलं.

मी हे सगळं ओवीला कागदावर काढून दाखवत असताना अजू गप्प होता. मग म्हणाला, “ताई, तुझ्या हिशेबाने मला तो कोन दिसायलाच नको होता.”

खरं होतं ते. अजूचा उजवा डोळा अधू आहे. नववीत एनसीसीच्या नेमबाजीत रायफल खांद्याला लावून त्याने डावा डोळा मिटला आणि समोरचं लक्ष्य धुक्यात गेलं, तेव्हा घरी कळलं. डॉक्टर याला आळशी डोळा म्हणतात, पण आळस डोळ्याचा नसतो. लहानपणी दोन डोळ्यांचे नंबर फार वेगळे असले किंवा तिरळेपणा असला, की मेंदू एका डोळ्याकडून येणारं चित्र बाजूला सारायला शिकतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांत एक डोळा बंद राहिला, तर मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशी दुसऱ्याच डोळ्याच्या होऊन जातात. त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. शंभरातल्या दोन-तीन मुलांना हा दोष असतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून मूल सगळं वाचतं, खेळतं, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. शाळेत घालण्याआधी एकेक डोळा झाकून तपासणी झाली, तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुसऱ्याला कामाला लावता येतं. अजूची तशी तपासणी कुणी केली नाही, आणि त्याची हळहळ मला आजही आहे.

“पण मला आठवतो ना तो कोन,” अजू म्हणाला आणि त्याने तळहात चेहऱ्यासमोर धरला. “इथे होता.”

आठवण ही कपाटात ठेवलेली फिल्म नाही. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात हे दाखवून दिलं. त्यांनी लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही दिवसांनी, काही महिन्यांनी परत सांगायला लावली. लोक कथेतला अनोळखी भाग गाळत होते, उरलेला आपल्या ओळखीचा करून घेत होते, आणि आपण तीच कथा सांगतो आहोत याबद्दल त्यांना शंका नव्हती. २००२ साली किम्बर्ली वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस जणांना त्यांच्या लहानपणीचे फोटो दाखवले, त्यातला एक बनावट: गरम हवेच्या फुग्याच्या पाळण्यात बसलेले ते स्वतः. असा प्रवास त्यांच्यापैकी कुणीच केलेला नव्हता. तीन भेटींनंतर निम्म्या लोकांना तो थोडाफार तरी ‘आठवू’ लागला होता.

अजूच्या बाबतीत मात्र मी नुसती बनावट आठवण म्हणणार नाही. दृश्याची खोली, म्हणजे काय जवळ आणि काय लांब हे, दिसायला दोन डोळे हा एकच मार्ग नसतो. जवळ येणारी वस्तू मोठी होत जाते, आणि ते एका डोळ्यालाही कळतं. टीव्हीवर आत्ताच आम्ही ते पाहिलं होतं. शिवाय आजूबाजूला शंभर हात वर गेले होते, त्यात एक माझा. त्यावर इतकी वर्षं आईने सांगितलेली गोष्ट. या सगळ्यांतून मेंदूने अजूला एक कोन घडवून दिला, फक्त दुसऱ्या रस्त्याने आणि वेळ लावून.

मग मी त्याला ब्रूस ब्रिजमन यांच्याबद्दल सांगितलं. कॅलिफोर्नियातले हे शास्त्रज्ञ दृष्टीचाच अभ्यास करायचे, आणि त्यांना स्वतःला जन्मभर दोन डोळ्यांनी मिळून दिसणारी ही खोली दिसली नव्हती. २०१२ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, ते पत्नीबरोबर एक थ्रीडी चित्रपट पाहायला गेले. आपल्याला उपयोग नाही हे माहीत असून त्यांनी चष्मा घेतला. पात्रं पडद्यातून पुढे आली. बाहेर पडल्यावर रस्त्यावरचा दिव्याचा खांब मागच्या देखाव्यापासून सुटून उभा दिसला, आणि हे पुढेही टिकलं. प्रत्येकाचं असं होत नाही, अजूला मी तसं आश्वासन दिलं नाही. तो म्हणाला, “तिकीट काढ.”

त्या रात्री साडेअकराला आम्ही सराफ्यात गेलो. दागिन्यांची दुकानं केव्हाच बंद झाली होती आणि ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागल्या होत्या. ओवीच्या बाहुल्यांमधलं अंतर घरीच पट्टीने मोजून घेतलं होतं, साडेपाच सेंटिमीटर. कुल्फीची प्लेट समोर टेबलावर ठेवून अजूने मोबाइलने एक फोटो काढला, फोन टेबलाच्या कडेला धरून तेवढाच उजवीकडे सरकवला आणि दुसरा काढला. घरी परतल्यावर डावा फोटो डावीकडे, उजवा उजवीकडे असे शेजारी लावले आणि फोन पुठ्ठ्याच्या व्हीआर चष्म्यात घातला, जो प्रत्येक डोळ्याला आपापलाच फोटो दाखवतो. मागे जाणारा एक माणूस पहिल्या फोटोत होता आणि दुसऱ्यात नव्हता. तो मला चमचमताना दिसला, कारण दोन डोळ्यांचं त्याच्याबद्दल एकमत होईना.

अजूने डोळे लावून पाहिलं. त्याला कुल्फीचा फोटो दिसला, चांगला आला होता. मग त्याने चष्मा ओवीच्या डोळ्यांना लावला, मागून घट्ट धरला आणि वाकून तिच्या हाताकडे बघत राहिला.